उंदराला दिलेले ग्रेस

रेहानाने बाही वर सारली आणि कोपर पाण्यात बुडवून बघितलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.

"कोमट आहे," ती म्हणाली. "बाई, तुम्ही बघा."

"मी कशाला? तू बघितलंस ना."

"तुम्हीच शिकवलंय. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून खरं धरायचं नाही, आपण हात लावून बघायचं."

मी बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. काचेची उंच बरणी होती, आमच्या घरच्या लोणच्याच्या बरणीच्या तिप्पट तरी. पाणी निम्म्याच्या वर. आत चढायला काही नाही, पाय टेकायला काही नाही. शेजारच्या पिंजऱ्यांत पांढरे उंदीर भुसा उकरत होते. कुणाच्या डोक्यावर पिवळा ठिपका, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. सगळे सारखेच दिसतात, कुठला कुठल्या गटातला ते कळावं म्हणून ती खूण.

"बुडतील गं हे."

"नाही बुडत. उंदीर चांगले पोहतात. आणि मी हात जवळ धरून उभी असते."

तिने स्टॉपवॉचची दोरी माझ्या गळ्यात अडकवली. क्रीडास्पर्धेच्या दिवशी पी.टी.चे सर मिरवतात तशी मी त्या खोलीत उभी होते. मेडिकल कॉलेजच्या मागची बैठी इमारत, फिनेलचा आणि भिजल्या धान्याचा वास. साल एकोणनव्वद, मे महिना. मी मिरजेतल्या नगरपालिकेच्या शाळेतली मगदूमबाई, सातवीला विज्ञान शिकवणारी, सत्तेचाळीस वर्षांची. आम्ही जैन. दिव्यावरचा किडा ताटात पडून मरू नये म्हणून आमच्या घरी दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात. आणि मी उंदीर पाण्यात सोडताना बघायला आले होते.

का आले, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझं काहीतरी बिघडलं. ताप नाही, कुठं दुखत नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, परत उजाडलं. वेणी घालायला हात वर उचलायचा म्हणजे पाण्याने भरलेली घागर उचलावी तसं वाटायचं. वर्गात मुलं बोलायची, त्यांचे ओठ हललेले दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. मार्चमध्ये एक दिवस फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहायला घेतलं. 'बाष्पी' लिहिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. पुढचं येत नव्हतं असं नाही. लिहावंसं वाटेना. घंटा होईपर्यंत पन्नास मुलं चिडीचूप बसली होती. शेवटी वर्गाच्या मॉनिटर मुलीने उठून 'भवन' पूर्ण केलं आणि मग, काय वाटलं तिला कोण जाणे, सगळा फळाच पुसून टाकला.

हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, "सुट्टीत विश्रांती घ्या बाई. शाळा उघडायच्या आत सांगा, येणार की नाही."

माझं ठरलं होतं. नाही.

"मन खंबीर कर," जाऊबाई म्हणाल्या. "काय कमी आहे तुला?" खरंच काही कमी नव्हतं. मुलगी लग्न होऊन बेळगावला सुखात होती. माझे यजमान भूपाल रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. कमी काही नसताना हे होतं म्हणजे दोष माझाच, असं मी धरून चालले. वीस-बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते, गणित चुकलं तरी चालेल, प्रयत्न सोडायचा नाही. आणि आता मीच तो सोडून बसले होते.

यजमानांनी मला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या. "गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. मधे सोडायच्या नाहीत," म्हणाले. रोज यजमान गोळी माझ्या तळहातावर ठेवत, पाण्याचं भांडं देत आणि विश्वासाने पाठ फिरवून स्टोव्हकडे वळत. मी गोळी जिभेखाली धरून ठेवायची आणि मागून खडूच्या डब्यात टाकायची. गोळीने येणारं हसू माझं कसं? आणि डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्या बाईपुढे कुणी आपली पोरं का बसवावीत?

स्वयंपाकही तेच करत होते. त्यांना आमटी-भात येत होता, म्हणून रोज आमटी-भात.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच मला रेहाना भेटली. पांढरा कोट घातलेली एक उंच मुलगी समोरून आली, "बाई!" म्हणून ओरडली आणि भर गर्दीत वाकून पाया पडली. रेहाना शिकलगार. माझ्या हाताखालून गेलेली. आता डॉक्टर होऊन, औषधं शरीरात काय करतात या विषयात एमडी करत होती. माझ्या हातातल्या केसपेपरकडे तिने एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. रविवारी मात्र घरी जेवायला आली.

यजमानांनी पाट मांडले. रेहानाने आमटीचा पहिला घास घेतला आणि थांबली. मग पाणी प्यायली. मग आणखी पाणी.

"का गं पोरी?" यजमान म्हणाले. "जमली नाही का आमटी?"

"जमलीय की काका. फक्त..." तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून जेवत होते. "फक्त गरम आहे जरा."

"तुला वाढू गं आणखी?" यजमानांनी मला विचारलं. पळी हातात धरून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाढा," मी म्हणाले.

त्यांनी वाढलं आणि भात कालवायला लागले.

जेवण झाल्यावर रेहाना म्हणाली, "बाई, माझं काम अडलंय."

शाळेत असताना ती असंच म्हणायची. भागाकार अडलाय. चुंबक अडलाय. मी मान वर केली. सवय असते.

"काय अडलंय?"

"सांगते. काढून दाखवायला हवं." तिने इकडं तिकडं बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत फडताळावरचा खडूचा डबा काढला. झाकण उघडलं. आत एक क्षण बघितलं. मग एक खडू घेतला, झाकण घट्ट लावलं आणि डबा होता तिथं ठेवला. शहाबादी फरशीवर गुडघे टेकून तिने एक उंच बरणी काढली, बरणीत पाण्याची रेघ आणि पाण्यात एक उंदीर.

"माणसाचं मन खचतं, त्यावरच्या औषधांवर माझं काम आहे. औषध आधी उंदरावर बघतात. उंदीर पाण्यात सोडला की बाहेर पडायची खटपट करतो. थोड्या वेळाने खटपट थांबवतो, नुसता तरंगतो. औषध दिलेला उंदीर उशिरा थांबतो. किती वेळ तरंगला, एवढंच घड्याळावर मोजायचं."

"उंदराला मन असतं?"

"ते मला माहीत नाही. तो सांगत नाही."

"मग अडलं कुठं?"

"मोजायला दोन माणसं लागतात. कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे दोघांनाही माहीत नसायला हवं. नाहीतर माणूस लबाडी करतो, नकळत. टोचायचं काम माझ्याबरोबर शिकणारा हेरवाडे करतो, तो कुणाला सांगत नाही. पण मोजणारा दुसरा मुलगा सुट्टीवर गेला. मला परीक्षक हवाय बाई. पेपर कुणाचा ते माहीत नसलेला."

"मी नाही येणार. जीव मारतात तिथं."

"परीक्षेत कुणी मरत नाही."

"आणि परीक्षेनंतर?"

ती खडू बोटांत फिरवत राहिली. "ते तिथं विचारा. खोटं सांगणार नाही."

"जा की गं," यजमान हळूच म्हणाले. "पोरीचं अडलंय."

म्हणून मी गळ्यात स्टॉपवॉच घालून त्या बरणीसमोर उभी होते.

"नियम एवढाच," रेहाना म्हणाली. "चारी पायांनी खटपट चाललीय तोवर घड्याळ बंद. नुसता तरंगायला लागला की सुरू. नाक पाण्यावर ठेवण्यापुरता एखादा पाय हलवला तर तो तरंगणंच धरायचं. माझ्या घड्याळाकडे बघायचं नाही. मीही तुमच्या बघणार नाही."

दारात हेरवाडे उभा होता, जाड चष्म्याचा, हसऱ्या तोंडाचा. "बाई, कॉपी करू देऊ नका हं तिला. लहानपणापासूनची खोड आहे म्हणे."

"गप रे," रेहाना म्हणाली.

पहिला उंदीर डोक्यावर ठिपका असलेला. पाण्यात पडताच त्याने काचेला पंजे लावले, गोल फिरला, बुडी मारून तळ बघून आला, परत काचेला भिडला. मधे जरा थांबला, परत सुरू. वेळ संपल्यावर रेहानाने त्याला उचलून टॉवेलात गुंडाळलं, खसाखसा पुसलं आणि दिव्याच्या उबेला ठेवलं. आमचे आकडे जवळजवळ सारखे आले. मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. बरोबर उत्तर आल्यावर वाटतं तसं.

मग शेपटीवर ठिपका असलेला आला.

तो आधीच्यापेक्षा जोरात पोहत होता. काचेवर एवढे पंजे मारले त्याने, की आवाज ऐकू यायचा. एक फेरी, दुसरी, तिसरी. मग फेऱ्या लहान होत गेल्या. मग तो पाण्याच्या मधोमध थांबला. पुढचे पंजे छातीशी जोडलेले, अंग सैल, नाक तेवढं वर. डोळे उघडे होते, पण बघत कुठंच नव्हते. मधेच मागचा एक पाय हलायचा, नाक बुडू नये इतपत.

मी त्याला ओळखलं. 'बाष्पी' लिहून खुर्चीत बसलेला तो.

माझा अंगठा बटणावर होता. तो दबला नाही. पाय हलतोय की, मी मनात म्हणत होते. आता निघेल. आता हात मारेल. जरा सवड द्या त्याला.

"वेळ झाली," रेहाना म्हणाली आणि त्याला बाहेर काढलं. "बोला बाई. किती?"

मी आकडा सांगितला. तिने स्वतःचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं तुमच्या तिपटीच्या वर आहे."

"तुझं घड्याळ बिघडलं असेल."

"बाई."

"पाय हलवत होता तो! मी डोळ्यांनी बघितलंय."

"नाक वर ठेवायला. ते धरायचं नाही म्हणून ठरलं होतं आपलं."

"प्रयत्न करत होता तो."

रेहाना उंदराचं डोकं पुसत म्हणाली, "बाई, तुम्ही ग्रेस दिलेत त्याला."

दारातून हेरवाडे खो खो हसला. "उंदराला ग्रेस! अहो, आम्हाला दिले असते तर दोन वर्षं वाचली असती."

मला हसू आलं नाही. मला राग आला. कुठून आला कळत नाही, पण आला.

"मग काय करायला हवं होतं त्यानं?" मी म्हणाले. "चढायला काही ठेवलंय तुम्ही आत? पाय टेकायला काही? आधी त्या पहिल्यापेक्षा जोरात पोहला तो. थकला. थांबला. आळशी आहे का तो? कामचुकार आहे? एवढं सगळं केलं ते गेलं कुठं? थांबला तेवढाच वेळ मोजायचा आणि त्याला नापास करून टाकायचं?"

खोलीत माझा आवाज घुमत होता. कित्येक महिन्यांत मी एवढी वाक्यं एका दमात बोलले नव्हते. पिंजऱ्यातले उंदीरसुद्धा भुसा उकरायचे थांबले.

रेहाना तशीच टॉवेल घासत राहिली.

"मी नापास म्हटलं नाही, बाई," ती म्हणाली. "मी म्हटलं, थांबला. नापास हा शब्द तुमचा."

मी स्टॉपवॉच परत शून्यावर आणलं.

तिने तो उंदीर उबेला ठेवला, नवा कोरडा टॉवेल घेतला. "पुढचा घेऊ?" तिने विचारलं. "की घरी सोडू तुम्हाला?"

"घे," मी म्हणाले.

त्यानंतरचे उंदीर मी नीट मोजले. तरंगायला लागला की बटण दाबलं. दाबताना दर वेळी मनातल्या मनात म्हणत होते, थांबला. एवढंच. थांबला. आमचे आकडे जुळत गेले. त्या पहिल्या शेपटीवाल्याचा तेवढा बाद केला.

सगळे झाल्यावर रेहाना हेरवाडेला म्हणाली, "आता सांग."

"डोक्यावर आणि पाठीवर ठिपका, औषध. शेपटीवर ठिपका, मिठाचं पाणी," तो म्हणाला आणि पिंजरे उचलून आतल्या खोलीत गेला.

मी आठवून बघितलं. डोक्यावाले आणि पाठीवाले बहुतेक उशिरापर्यंत खटपटत होते. सगळे नाही. पाठीवर ठिपका असलेले दोघे तर लवकरच थांबले होते.

"ते दोघे?" मी विचारलं.

"सगळ्यांना लागू पडतं असं नाही. माणसांतही तसंच. मग डॉक्टर दुसरं औषध देऊन बघतात."

"हे कुठलं औषध होतं?"

रेहाना बरणीतलं पाणी ओतायला वाकली होती. ती तशीच राहिली. "तुमच्या खडूच्या डब्यात आहे ते."

बरणीतलं पाणी मोरीत गेलं. बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला.

"काकांना नाही सांगितलं मी," ती म्हणाली.

"मला इथं मुद्दाम आणलंस तू."

"काम अडलं होतं हे खरं आहे. पण मोजायला दुसरं कुणीही चाललं असतं." ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. हात ओले, कोटावर भुशाचे कण. "आमचे सर म्हणतात, थांबणारा उंदीर हताश झाला. दुसरे म्हणतात, हताश कसला, शहाणा आहे, ताकद राखून ठेवतोय. मला अजून माहीत नाही. मला एवढंच दिसतं, की ज्यांना औषध दिलं ते काही जास्त चांगल्या घरचे उंदीर नव्हते. त्यांना कुणी खंबीर हो म्हटलं नव्हतं. आणि हा शेपटीवाला थांबला तो काही त्याच्या संस्कारांत कमी होतं म्हणून नाही."

मी गळ्यातली स्टॉपवॉचची दोरी काढली.

"पाचवीत गणितात मला ग्रेस देऊन वर घातलंत, आठवतं? घरी म्हणत होते, हिची शाळा सोडवा. तुम्ही दारात येऊन अब्बांना म्हणालात, पोरगी थांबलीय, अडाणी नाही. हेच शब्द. मी दाराआड होते." तिने नाक ओढलं. "वर्गातल्या ज्याला त्याला ग्रेस देता. आत्ता उंदराला दिलेत. फक्त एकच माणूस आहे, त्याच्या पेपरवर तुम्ही लाल रेघ मारून बसलाय."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. माझ्या पायाशी दिव्याखाली शेपटीवाला उंदीर अंग चाटत बसला होता. मिशा पुसत होता, दोन्ही पंजांनी, अगदी मन लावून.

"पुढं काय करता यांचं?" मी विचारलं.

खोटं सांगणार नाही म्हणाली होती. नाही सांगितलं. "ठेवत नाहीत, बाई. भुलीचं औषध देऊन..."

मी हात पुढे केले. तिने त्याला टॉवेलासकट माझ्या ओंजळीत दिलं. कापडातून त्याचं काळीज लागत होतं, केवढं ते, पण घाईने चाललेलं. मी नवकार मंत्र म्हटला, मनातच.

"तुमच्या घरात हे पटायचं नाही," रेहाना म्हणाली. "मलाही रोज पटतं असं नाही. पण त्या गोळीपर्यंत यायला असे कितीतरी गेलेत, बाई. तुम्ही गोळी खाल्ली नाहीत म्हणून ते परत येत नाहीत."

आता मी ऐकते, की उंदराला असं पाण्यात सोडायची परीक्षा पुष्कळ ठिकाणी बंद केलीय. त्यातून काय कळतं याबद्दल शास्त्रज्ञांतच वाद आहेत. बंद झाली ते बरंच झालं. पण त्या दिवशी ओंजळीतला तो गरम जीव मला काय सांगून गेला, ते मोजायला कुणापाशी घड्याळ नव्हतं.

घरी आल्यावर मी खडूचा डबा काढून यजमानांपुढे ठेवला आणि झाकण उघडलं. ते बघत राहिले. गोळ्या मोजल्या नाहीत. डबा बंद केला, पाण्याचं भांडं भरून आणलं, पाकिटातली नवी गोळी काढली.

"उद्यापासून?" त्यांनी विचारलं.

"आत्ता."

या वेळी ते पाठ फिरवून स्टोव्हकडे गेले नाहीत. मी तोंड उघडून जीभ उचलून दाखवली, पोरं जंताची गोळी घेतल्यावर दाखवतात तशी. ते ओशाळले. "तसं नव्हतं गं," म्हणाले.

रेहानाने जाताना एक अट घातली होती. "तीन आठवडे मार्क द्यायचे नाहीत. चांगले नाहीत, वाईट नाहीत. आधी बघायचं, मग बोलायचं. तुमचंच वाक्य आहे."

मी मार्क दिले नाहीत. अवघड गेलं. तोंडाला कोरड पडायची, उभं राहिलं की गरगरायचं, आणि मन होतं तिथंच होतं. दुसऱ्या आठवड्यात मी रेहानाला म्हणाले, काही उपयोग नाही गं. ती म्हणाली, पेपर अजून संपला नाही बाई, घंटा व्हायची आहे. हेडमास्तरांना यजमानांनीच जाऊन सांगितलं, शाळा उघडली तरी जरा थांबा, बाई थांबल्यात. 'थांबल्यात' हा शब्द त्यांनी कुठून उचलला मला माहीत नाही. मी घरी काही बोलले नव्हते. रेहानाच बोलली असणार.

शाळा उघडली. मी गेले नव्हते. एका संध्याकाळी ऊन अजून भिंतीवर होतं, मी जेवायला बसले. यजमानांनी भात वाढला, भातावर आमटी घातली. मी कालवून पहिला घास तोंडात घातला.

"अहो! केवढी खारट झालीय ही आमटी!"

त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"काय म्हणालीस?"

"खारट. तोंडात धरवत नाही. मीठ दोनदा पडलं की काय?"

"परत म्हण."

"काय परत म्हण? खारट आहे आमटी!"

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. पळी आत बुडाली, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते माझ्यासमोर पाटावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत निकालाची वाट बघत मूल बसतं तसे.

"फेब्रुवारीत एका दिवशी मीठ दोनदा पडलं होतं, चुकून," ते म्हणाले. "पहिला घास घेतला आणि म्हटलं, मेलो. आता ही ओरडणार. मीठ जरा इकडं तिकडं झालं तरी ताट सरकवणारी तू. तू ओरडली नाहीस. सगळं जेवलीस, उठलीस, ताट उचललंस. त्या दिवशी मला खरी भीती वाटली, पद्मा. तुझ्या जाऊबाई काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात, ते सगळं नंतरचं. त्या रात्री मला झोप नाही लागली."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त घातलं. म्हटलं, आज ओरडेल. तिसऱ्या दिवशी आणखी जरा." त्यांनी डोळे मिटले. "रोज घालत गेलो."

"फेब्रुवारीपासून?"

"रोज."

मला पाण्याची भांडी रिकामी करणारी रेहाना आठवली. पळी धरून माझ्या तोंडाकडे बघणारे हे आठवले.

"आणि तुम्हीही तीच खात होता?"

"एकट्यानं चांगली कशी खायची?"

ते उठले. पातेलं उचलायला गेले, ओतून द्यायला. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या."

"अगं, खारट आहे म्हणतेस ना."

मी पातेलं जवळ ओढलं, बोट भाजून घेत आतली पळी काढली आणि भातावर आणखी आमटी घेतली. कालवली. दुसरा घास घेतला.

खारटच होती. अगदी खारट.